सही केल्याचं नाकारलं: एका क्रियापदाचं प्रकरण

एका गोदामात रात्री माल उतरला. पावतीवर ४० खोकी, सकाळी मोजली तर ३६. पावतीवर सही होती. कंपनीने अंतर्गत चौकशी लावली, स्टोअरकीपर आणि ट्रकचा ड्रायव्हर या दोघांचे जबाब मराठीत घेतले गेले, आणि त्यांचा इंग्रजी अहवाल हेड ऑफिसला पाठवण्यासाठी भाषांतराचं काम आमच्याकडे आलं. पहिला मसुदा माझ्या तरुण सहकारीने केला, तपासणी मी केली.

अहवाल गेला. तिसऱ्या दिवशी हेड ऑफिसकडून एका ओळीचा प्रश्न आला: स्टोअरकीपरने सही करायला नकार दिला होता, तर पावतीवर सही कुणाची?

मूळ जबाब काढून बघितला. त्यात वाक्य होतं, ‘पावतीवर सही केल्याचं त्यांनी नाकारलं.’ आमच्या मसुद्यात होतं, ‘ही रिफ्यूज्ड टू साइन द रिसीट.’ ही चूक माझ्याही नजरेखालून गेली होती. व्याकरणात ते इंग्रजी वाक्य चोख आहे, म्हणूनच डोळा त्यावर अडला नाही.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. इंग्रजी वाचणाऱ्याला रात्र दिसते: ट्रक दाराशी उभा आहे, ड्रायव्हर कागद पुढे करतो, समोरचा माणूस म्हणतो, मी सही करणार नाही. मराठी वाचणाऱ्याला चौकशीची खोली दिसते: त्या माणसाला सही असलेला कागद दाखवला जातो आणि तो म्हणतो, ही सही मी केलेली नाही. पहिली घटना माल उतरला त्या रात्रीची, दुसरी कित्येक दिवसांनंतरची. पहिल्यात सही नाहीच. दुसऱ्यात सही आहे, फक्त ती कुणाची एवढाच वाद आहे.

सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. स्टोअरकीपरने सही करायला नकार दिला हे आम्ही घडलेली गोष्ट म्हणून लिहिलं होतं. तसं असेल आणि तरीही कागदावर सही असेल, तर ती खोटी. आणि त्या वेळी तिथे दुसरा माणूस एकच होता, ड्रायव्हर. त्याच्याविरुद्ध कुणी चकार शब्द बोललेलं नसताना आमच्या एका क्रियापदाने त्याला संशयित करून ठेवलं. हे लक्षात आलं तेव्हा मला खरोखर धसका बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मसुदा घेऊन बसलो. ती म्हणाली, ‘ताई, डिक्शनरीत नाकारणे म्हणजे रिफ्यूज, डिनाय, रिजेक्ट, डिक्लाइन असं एका ओळीत दिलंय. मला वाटलं, यातलं कुठलंही चालेल.’

तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. शब्दकोशातला स्वल्पविराम तसंच सुचवतो: हे सगळे एका मापाचे, हवा तो उचला. आपण शाळेत समानार्थी शब्द पाठ केले तेही असेच, ओळीने.

‘केल्याचं’ आणि ‘करायचं’

आपल्याकडे एक तक्रार नेहमी ऐकू येते: इंग्रजीत चार शब्द आहेत तिथे मराठीत एकच, मग गोंधळ होणारच. या प्रकरणापुरतं तरी मला हे साफ अमान्य आहे. मूळ मराठी वाक्य जराही संदिग्ध नव्हतं. ‘सही केल्याचं नाकारलं’ आणि ‘सही करायचं नाकारलं’ यांत आपल्यापैकी कुणाचीच गल्लत होत नाही. पहिल्यात सही ही मागे घडलेली, किंवा घडली असं कुणी म्हणत असलेली गोष्ट आहे. दुसऱ्यात ती पुढे करायची गोष्ट आहे.

म्हणजे फरक मराठीतही आहे. फक्त तो ‘नाकारलं’मध्ये नाही, त्याच्या आधीच्या शब्दाच्या शेपटीत आहे: ‘-ल्याचं’ की ‘-यचं’. इंग्रजीने तोच फरक मुख्य क्रियापदात ठेवला आहे: घडलेल्याबद्दल डिनाय, करायच्याबद्दल रिफ्यूज. आम्ही ‘नाकारलं’ शब्दकोशात शोधलं आणि ‘केल्याचं’ची शेपटी तिथेच सोडून दिली.

पुढे काय जोडायचं हेही यावरूनच ठरतं. रिफ्यूजनंतर ‘टू’ येतो: रिफ्यूज्ड टू साइन. डिनायनंतर क्रियापदाचं ‘-इंग’ रूप किंवा ‘दॅट’ येतं: डिनाइड साइनिंग, डिनाइड दॅट ही हॅड साइन्ड. आपल्याकडे सर्रास लिहिलं जाणारं ‘डिनाइड टू साइन’ हे दोन्ही दगडांवर पाय ठेवतं. क्रियापद म्हणतं ‘केल्याचं’, टू म्हणतो ‘करायचं’, आणि यातलं खरं कुठलं हे वाचणाऱ्याने ओळखायचं. अनौपचारिक पत्रात तो ओळखूनही घेईल. चौकशी अहवालात तशी वेळच त्याच्यावर येता कामा नये.

हे एकट्या नाकारण्यापुरतं आहे का, हे बघायला आम्ही आणखी काही क्रियापदं त्याच कसोटीवर घासली. ‘आल्याचं कबूल केलं’ म्हणजे ॲडमिट. ‘यायचं कबूल केलं’ म्हणजे ॲग्री, नाहीतर प्रॉमिस. ‘गेल्याचं सांगितलं’ म्हणजे सेड दॅट. ‘जायला सांगितलं’ म्हणजे टोल्ड समवन टू गो. ‘सांगितल्याचं विसरलो’ म्हणजे फरगॉट टेलिंग. ‘सांगायला विसरलो’ म्हणजे फरगॉट टू टेल. प्रत्येक जोडीत मराठी क्रियापद एकच राहतं, शेपटी बदलते, आणि इंग्रजीत कधी क्रियापद बदलतं तर कधी त्याच्या पुढचा भाग. माझी सहकारी वहीत जोड्या लिहीत गेली आणि मध्येच थांबून म्हणाली, ‘ताई, म्हणजे मला हे येतच होतं!’ अगदी खरं होतं ते. मराठीतून तिला तो फरक जन्मापासून येत होता.

तरी हा नियम सगळीकडे चालत नाही, आणि तो सगळीकडे लावायला गेलं तर नवी चूक होते. ‘भेटायचं टाळलं’ यात शेपटी ‘-यचं’ आहे, तरी इंग्रजीत ‘अव्हॉइडेड मीटिंग’ असंच म्हणायचं, टू नाही. ‘जायचं सुचवलं’चंही तसंच: सजेस्टेड गोइंग. अव्हॉइड, सजेस्ट, फिनिश, एन्जॉय ही क्रियापदं काळ न बघता ‘-इंग’च घेतात. ती पाठच करावी लागतात.

शेपटीची मदत आणखी एका ठिकाणी मिळत नाही: ‘नाकारणे’च्या आधी नुसतं नाम असतं तिथे. आरोप नाकारला, प्रस्ताव नाकारला, निमंत्रण नाकारलं, परवानगी नाकारली. इथे मग त्या नामालाच विचारायचं, तू कुठली वस्तू आहेस? आरोप म्हणजे माझ्याविषयी केलेलं विधान, ते खरं नाही असं मी म्हणतो, म्हणून डिनाय. प्रस्ताव निर्णयासाठी समोर आलेला असतो, तो नापसंत करून परत पाठवायचा, म्हणून रिजेक्ट. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थच ‘मागे फेकणे’ आहे. निमंत्रण कुणीतरी आपुलकीने दिलेलं असतं, ते मान राखून बाजूला सारायचं, म्हणून डिक्लाइन. त्याच्या मुळात ‘बाजूला कलणे’ आहे. परवानगी मात्र दोन्हीकडे चालते, रिफ्यूज्ड परमिशन आणि डिनाइड परमिशन. माझ्या कानाला दुसऱ्यात हक्काचं काहीतरी हिरावल्याची छटा येते, पहिल्यात समोरच्याने तोंडावर ‘नाही’ म्हटल्याची.

आणि रिफ्यूट? ‘आरोप खोडून काढले’ म्हणजे रिफ्यूट, पुराव्यानिशी. नुसतं ‘हे खरं नाही’ म्हणणाऱ्यासाठी रिफ्यूट वापरलं, तर त्याला न लढता जिंकवल्यासारखं होतं. इंग्रजीतही हल्ली कित्येकजण डिनायच्या जागी ते वापरतात. अहवालात मी वापरू देत नाही.

‘मान्य केलं’

अहवालातलं पुढचं वाक्य मला जास्त नाजूक वाटलं. ‘चार खोकी कमी असल्याचं त्यांनी दुसऱ्या दिवशी मान्य केलं.’ मसुद्यात होतं: ही ॲडमिटेड दॅट फोर बॉक्सेस वेअर मिसिंग.

व्याकरण इथेही निर्दोष, दॅटही जागच्या जागी. पण ॲडमिट म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा आधी लपवत होता, आता नाइलाजाने बोलला, आणि बोलला ते त्याच्या अंगाशी येणारं आहे. शब्दाचं लॅटिन मूळ ‘आत येऊ देणे’ असं आहे. रुग्णाला ॲडमिट करतात ते याच अर्थाने. वस्तुस्थिती ॲडमिट करायची म्हणजे इतका वेळ दाराबाहेर उभी ठेवलेली गोष्ट शेवटी घरात घ्यायची. आपल्या स्टोअरकीपरने असं काही केलं होतं का? सकाळी खोकी मोजली गेली, चार कमी भरली, त्यांनी ‘हो, कमी आहेत’ म्हटलं. लपवालपवीचा प्रश्नच नव्हता.

इथेही उत्तर मूळ मराठीतच बसलेलं होतं. जबाब लिहिणाऱ्याने ‘कबूल केलं’ न लिहिता ‘मान्य केलं’ लिहिलं होतं. गुन्हा कबूल करतात, चूक कबूल करतात. वस्तुस्थिती, मुद्दा, सूचना, अट मान्य करतात. ‘कबूल’मध्ये जो कमीपणा आहे तो ‘मान्य’मध्ये नाही. इंग्रजीत ॲडमिट आणि ॲक्नॉलेज यांच्यात जवळपास तेवढंच अंतर आहे. ॲक्नॉलेजमध्ये ‘नो’, म्हणजे जाणणे, बसलेलं आहे: हे मला माहीत आहे, अशी जाहीर नोंद. आम्ही ॲक्नॉलेज्ड केलं.

सहकारीने विचारलं, ‘ॲक्सेप्टेड का नको? ॲग्रीड का नको?’ ॲग्रीड दॅट म्हटलं तर कुणीतरी आधी तसं म्हणालं आणि यांनी मान डोलावली असं चित्र उभं राहतं. जबाबात असा दुसरा माणूस नव्हता. ॲक्सेप्टेड चाललं असतं, पण या संदर्भात ते जबाबदारी अंगावर घेण्याकडे झुकतं, आणि पुढच्या वाचकाने ‘ॲक्सेप्टेड’ इतकंच टिपून घेतलं तर पुन्हा पहिल्यासारखाच घोळ. कन्फेस्डचा तर विचारही नको होता.

एक कबूल करते, इथे आमच्यात खरोखर मतभेद होता. तिला कन्फर्म्ड हा शब्द हवा होता, सगळ्यात कोरडा म्हणून. मला वाटलं, कन्फर्म करणारा माणूस दुसऱ्याने सांगितलेली माहिती पडताळून शिक्का मारतो. शेवटी ॲक्नॉलेज्ड राहिलं, पण तिचा मुद्दा पोकळ नव्हता.

कुलूप

‘दाराला कुलूप लावल्याचं त्यांना आठवतं.’ मसुदा: ही रिमेंबर्ड टू लॉक द डोअर.

शेपटी पुन्हा ‘-ल्याचं’, आणि पुन्हा तिचा टू झालेला. पण इथे नुकसान वेगळ्या जातीचं आहे. ‘रिमेंबर्ड टू लॉक’चा अर्थ होतो, कुलूप लावायचं त्यांच्या लक्षात राहिलं आणि त्यांनी ते लावलं. दाराला कुलूप होतं, हे आम्हीच हेड ऑफिसला सांगून टाकलं. भाषाशास्त्रज्ञ लॉरी कार्टुनन यांनी १९७१ साली अशा क्रियापदांचा एक गट वेगळा काढून दाखवला. ‘मॅनेज टू’, ‘रिमेंबर टू’ यांच्या होकारी वाक्यात पुढचं काम झालंच असं गृहीत येतं. ‘फरगेट टू’मध्ये ते झालं नाही असं येतं. म्हणजे ‘टू’च्या पुढचं वाक्य वरकरणी कामाविषयी असतं, पण निकाल देऊन मोकळं होतं.

जबाबात मात्र निकाल नव्हता, एका माणसाची आठवण होती. नुसतं ‘रिमेंबर्ड लॉकिंग’ केलं असतं तरी अर्धंच काम झालं असतं, कारण त्यातही कुलूप लागलं होतं असा कल राहतो. म्हणून आम्ही लिहिलं: ही सेज ही रिमेंबर्स लॉकिंग द डोअर. वाक्य जरा बोजड झालं. पण ते जेवढं माहीत होतं तेवढंच सांगत होतं.

कोण ‘म्हणालं’ आणि कुणी ‘दावा केला’

इथवर आल्यावर मी पूर्ण मसुदा नव्याने वाचला, फक्त बोलण्याची क्रियापदं बघत. स्टोअरकीपरच्या प्रत्येक वाक्याला ‘स्टेटेड’ होतं. ड्रायव्हरच्या वाक्यांना ‘क्लेम्ड’, एका जागी ‘अलेज्ड’.

मी विचारलं, हे मुद्दाम केलंस का? ती गोंधळली. म्हणाली, ‘एकच शब्द सारखा आला की वाईट दिसतं ना, म्हणून बदलत गेले.’

शाळेतल्या निबंधासाठी ही शिकवण ठीक आहे. इथे तिने तराजूच कलवला होता. स्टेट म्हणजे रीतसर, ठामपणे नोंदवणे. क्लेम म्हणजे म्हणतोय खरं, पण पुरावा दिसत नाही. अलेज म्हणजे दुसऱ्यावर ठपका ठेवणारं, अजून सिद्ध न झालेलं म्हणणं. एकाचं बोलणं सतत ‘स्टेटेड’ आणि दुसऱ्याचं सतत ‘क्लेम्ड’ असेल, तर पाचव्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याचं मत तयार झालेलं असतं, आणि ते कशाने झालं हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. मराठीतही ‘ते म्हणाले’ आणि ‘त्यांनी दावा केला’ यांत हेच होतं. मूळ जबाबात दोघांसाठी एकच शब्द होता: ‘म्हणणं’.

आम्ही दोघांनाही ‘सेज’ दिलं, अठरा वेळा. वाचायला ते रुक्ष आहे. कुणी तक्रार केलीच तर मी त्याला हेच सांगेन की दोन माणसांच्या वादात ‘सेज’इतकं निःपक्षपाती क्रियापद मला माहीत नाही.

याच फेरीत आणखी एक सापडलं. ‘मोजणी न केल्याबद्दल ड्रायव्हरने त्यांना दोष दिला’ याचं तिने ‘क्रिटिसाइज्ड’ केलं होतं. क्रिटिसाइज आणि ॲक्यूज यांची फोड भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिल्मोर यांनी फार सुरेख केली आहे. ॲक्यूजमध्ये कृत्य वाईट हे धरून चालतात आणि ‘ते याने केलं’ असं म्हणतात. क्रिटिसाइजमध्ये ते याने केलं हे धरून चालतात आणि ‘ते वाईट’ असं म्हणतात. इथे मोजणी झाली की नाही हाच वाद होता, तेव्हा ती झाली नाही हे धरून चालणं आमच्या अधिकारातलं नव्हतं. ॲक्यूज्ड हिम ऑफ नॉट काउंटिंग.

शब्दकोशावरचा विश्वास यात पार उडाला असं मात्र नाही. फक्त आता माझी सहकारी अर्थाची ओळ सोडून खालची उदाहरणं आधी वाचते: या क्रियापदामागे काय येतं, पुढे काय येतं, कुठल्या नामांशी त्याची ऊठबस आहे. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली लिहिलं होतं की शब्द कुणाच्या संगतीत असतो त्यावरून तो ओळखावा. हे ताडून बघायची साधनं आता भरपूर आहेत. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा १९९० च्या दशकात तयार झालेला सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह आहे. त्यात ‘डिनाइड’ टाकलं की अलिगेशन्स, चार्जेस, इन्व्हॉल्व्हमेंट अशी नामं आजूबाजूला दिसतात आणि ‘रिफ्यूज्ड’ टाकलं की पुढे टू. अर्थाची दहा वाक्यं वाचून जे कळत नाही ते अशा वीस ओळी डोळ्यांखालून गेल्या की कळतं.

वाचून दाखवताना

सुधारलेला अहवाल पाठवण्याआधी एक गोष्ट आम्ही पहिल्यांदाच केली. इंग्रजी मसुदा वाक्यावाक्याने परत मराठीत आणला, मूळ जबाब न बघता, आणि तो दोघांनाही वेगवेगळं बसवून वाचून दाखवला. ड्रायव्हरने शांतपणे ऐकून होकार दिला. ‘सही केल्याचं नाकारतात’ या वाक्याला त्याने फक्त विचारलं, ‘म्हणजे मी केली असं कुणी म्हटलेलं नाही ना?’ नाही म्हटल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

स्टोअरकीपर एका जागी अडले. ड्रायव्हरच्या जबाबात होतं, ‘खोकी मोजून घ्यायला त्यांनी नकार दिला.’ इथे शेपटी ‘-यला’, म्हणून ‘रिफ्यूज्ड टू काउंट’ बरोबर होतं. सहकारीला ते कठोर वाटून तिने मधे ‘डिक्लाइन्ड’ सुचवलं होतं. पण डिक्लाइन करायला समोरची गोष्ट ऐच्छिक असावी लागते, आणि माल मोजून घेणं हे त्यांचं कामच होतं. सौम्य क्रियापद घातलं असतं तर ड्रायव्हरचं म्हणणं आम्ही परस्पर पातळ केलं असतं.

ते ऐकून स्टोअरकीपर म्हणाले, ‘मी नकार दिलाच नाही. सकाळी मोजतो म्हणालो.’

मी त्यांना सांगितलं की हे वाक्य तुमचं नाही, ड्रायव्हरचं आहे, आणि तसं ते लिहिलेलं आहे. त्यांनी कागद मागून घेतला. इंग्रजी त्यांना अडखळत वाचता येत होतं. बोटाने ओळ धरून ते रिफ्यूज्डपर्यंत गेले, मग पुढे ‘द ड्रायव्हर सेज’ सापडेपर्यंत वाचत राहिले. ते वाक्याच्या अगदी शेवटी होतं.

‘हे आधी घ्या,’ ते म्हणाले. ‘शेवटपर्यंत कोण वाचतंय?’

आम्ही ते आधी घेतलं. मग बाकीच्या सतरा वाक्यांतही बघितलं, आणि त्यांतल्या सहा ठिकाणी ‘सेज’ उचलून पुढे आणावं लागलं.